फडतरे हवालदारांचा दोरा

कोणी नमस्कार केला की फडतरे हवालदार आधी त्याच्या हातांकडे पाहत, मग तोंडाकडे. दोन्ही हात सारखे वर आले का, एखादा मागे रेंगाळला का, हे पाहून झाल्यावरच ते स्वतः हात जोडत. अनोळखी माणसाला हा उद्धटपणा वाटे. ओळखीचे लोक मुद्दाम एक हात खाली ठेवून त्यांची थट्टा करत. ती त्यांना आवडत नसे. चेहरा न हलवता ते म्हणत, “पुन्यांदा करा,” आणि समोरचा दोन्ही हात नीट जोडेपर्यंत पुढे बोलत नसत.

मी तेव्हा सांगलीच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. दर मंगळवारी इस्पितळात जाऊन अपघात, साथी आणि मृत्यू लिहून आणणे हे माझे काम होते. फडतरे तिथे एक्स-रे काढत. घर कोरेगाव तालुक्यातले, शेतीचे. तरुणपणी फौजेत गेले, फौजेच्या इस्पितळात या यंत्रावर काम शिकले, युद्ध संपल्यावर हवालदार म्हणून सुटून आले आणि सांगलीला नोकरीला लागले. अंगावर साधा सदरा-धोतर असे, पण पायांत फौजेचेच बूट. अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले की ते उजेडाला डोळे सरावेपर्यंत दारात ताठ उभे राहत, आणि रांगेतल्या खेडुतांना वाटे की कोणी अधिकारी आला.

पहिल्याच भेटीत त्यांनी मला आपले वय सांगितले. मी ते विचारले नव्हते. “सत्तेचाळीस चालू हाय,” ते म्हणाले. मला त्यात सांगण्यासारखे काही दिसले नाही. पुढे कळले की त्यांच्या वडिलांच्या अंगावरून वारे गेले ते एक्कावन्नाव्या वर्षी, आणि थोरल्या भावाच्या अठ्ठेचाळिसाव्या. भाऊ नांगर धरून चालत असताना पडला आणि उजवी बाजू गेली. फडतरे रजेवर घरी आले तेव्हा त्यांनी पाहिले ते असे: खोलीच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या, भाऊ घोंगडीत गुंडाळलेला, आणि आई त्याच्या पायाला कबुतराचे रक्त चोळते आहे. पाच महिन्यांनी भाऊ गेला.

“वारं यायच्या आधी दिसलं पायजे, बातमीदार,” ते म्हणत. “आल्यावर काय, गावाला दिसतंय.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकले असेल, याची मोजदाद ठेवली नाही. त्यात तक्रार नसे. गावाला दिसायच्या आधी ते आपल्याला का दिसले नाही असे एखादा पहारेकरी विचारील, तसे ते म्हणत.

फौजेत त्यांच्यावर एक कॅप्टन डॉक्टर होता. त्याने त्यांना दोन गोष्टी शिकवल्या होत्या. एक म्हणजे डोक्याच्या फोटोत मेंदू दिसत नाही, हाड दिसते. पण काही माणसांच्या मेंदूत अगदी मधोमध चुन्याचा एक बारीक खडा जमलेला असतो, मोहरीएवढा. तो फोटोत उमटतो. खडा मधल्या रेषेवर असला तर ठीक. तो एका बाजूला ढकलला गेला असेल तर दुसऱ्या बाजूने काहीतरी रेटते आहे: गाठ असेल, नाहीतर साकळलेले रक्त. दुसरी गोष्ट शिकवलेली नव्हती, नुसती दाखवलेली होती. कॅप्टनकडे एक जाडे पुस्तक होते. परदेशात कोणा डॉक्टरने माणसाच्या मानेतल्या रक्तवाहिनीत औषध सोडून डोक्याचा फोटो काढला होता, आणि त्या फोटोत मेंदूतल्या नळ्या दिसत होत्या. फडतरे त्याचे वर्णन नेहमी त्याच शब्दांत करत: पाला झडलेली बाभळ, बुंधा मानेत. एके जागी फांदी तुटल्यासारखी होती. कॅप्टनने तिथे बोट ठेवून सांगितले होते की रक्त इथे अडले.

“तसा फोटू आपल्याकडं कवा निघंल ओ?” हे ते डॉक्टरांना विचारत, मला विचारत, फिल्मची पेटी घेऊन येणाऱ्या मुंबईच्या विक्रेत्यालाही विचारत. विक्रेता हसून फिल्म मोजून द्यायला लागे.

बाभळीचा फोटो निघत नव्हता, म्हणून ते हाताशी होते त्यातून वाट काढत होते. इस्पितळात सर्वांत जास्त फोटो छातीचे निघत, क्षयासाठी. डॉक्टर फुफ्फुसे पाहत. फडतरे हृदय पाहत. खिडकीच्या काचेला फिल्म लावायची, शिंप्याकडचा पांढरा दोरा हृदयाच्या सावलीवर आडवा धरायचा, ती रुंदी दुप्पट करायची आणि छातीच्या पिंजऱ्यात बसते का ते पाहायचे. बसली तर बरे. पिंजऱ्याबाहेर गेली तर हृदय वाढलेले. ते वाढले म्हणजे बहुधा रक्ताचा दाब वाढलेला. आणि दाब वाढलेल्याच्या मेंदूतली नळी कधी फुटेल याचा नेम नाही. ही साखळी त्यांना कॅप्टनने सांगितली होती की त्यांनी स्वतः जोडली होती, हे मला नक्की कळले नाही. डॉक्टर आगटे, इस्पितळाचे शल्यचिकित्सक, यांना मी विचारले. ते म्हणाले, साखळी बरोबर आहे, फक्त तिच्या प्रत्येक कडीला ‘बहुधा’ लावा.

एकदा एक शाळामास्तर खोकल्यासाठी आले. फुफ्फुसे स्वच्छ निघाली. मास्तर आनंदाने घरी निघाले तर फडतरे हातात ओली फिल्म घेऊन त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले आणि म्हणाले, मीठ सोडा, आणि उद्या डॉक्टरांकडून दाब मोजून घ्या. मास्तरांना राग आला. आपण खोकला दाखवायला आलो होतो, असे त्यांनी सुनावले. फडतरे म्हणाले, खोकल्यानं मरत न्हाई तुमी. मास्तर दुसऱ्या दिवशी आले. दाब खरोखरच जास्त होता. आगटे यांनी मीठ तोडले, दुपारची सक्तीची विश्रांती सांगितली, वैद्याकडून सर्पगंधेची मुळी घ्यायला हरकत नाही म्हणाले. त्या काळी याहून जास्त काही हातात नव्हते. मी सांगलीत असेपर्यंत मास्तरांना काही झाले नाही. फडतऱ्यांच्या दोऱ्यामुळे झाले नाही की ते होणारच नव्हते, हे कोणी सांगू शकत नाही. मला ही बातमी लिहिता आली नाही. जे घडले नाही त्याची बातमी होत नाही.

आता पायगोंडा मगदूम यांची हकिकत. त्याआधी फडतऱ्यांची एक पद्धत सांगितली पाहिजे.

डोक्याचा फोटो काढताना ते रोग्याला पालथे झोपवत, कपाळ प्लेटवर टेकवून. फिल्म पुढून आणि मागून सारखीच दिसते. उजवी बाजू कोणती हे तिच्यावरून कळत नाही. म्हणून रोग्याच्या उजव्या बाजूला प्लेटच्या कडेवर शिशाचे अक्षर ठेवायचे असते. ते फोटोत उमटते. फडतऱ्यांनी कृष्णेवरच्या कोळ्याकडून जाळ्याला लावायचे शिसे आणून त्यातून ‘उ’ कापला होता. पण पालथ्या माणसाच्या उजव्या-डाव्याबाबत त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. फौजेत, जखमींची रीघ लागलेली असताना, एकदा त्यांच्या हातून अक्षर उलट्या बाजूला ठेवले गेले होते. ते वेळीच लक्षात आले, पण तेव्हापासून ते बाजू स्वतः ठरवत नसत. रोग्यालाच म्हणत, “जेवायचा हात वर करा.” उजवा हात म्हटले तर घाबरलेली माणसे चुकत. जेवायचा हात म्हटले की लहान मूलही चुकत नसे. या मुलखात डाव्या हाताने कोणी घास घेत नाही. फडतऱ्यांना ही पद्धत यंत्रापेक्षा खात्रीची वाटे, आणि ते ती अभिमानाने सांगत.

पायगोंडा मगदूम हे सांगलीजवळच्या एका गावचे जैन शेतकरी. हळद पिकवत. हळद साठवायला तिथे जमिनीत पेवे खणतात, तोंडाशी अरुंद, आत खोल. अशा एका पेवात उतरताना त्यांचे डोके कडेच्या दगडावर आपटले. रक्त आले नाही, म्हणून कोणी मनावर घेतले नाही. तीन आठवड्यांनी उजवा हात जड झाला, जीभ अडखळू लागली, भर दिवसा झोप येऊ लागली. वारे गेले असे धरून घरच्यांनी त्यांना घोंगडीत गुंडाळले. आणखी आठ दिवसांनी बैलगाडीतून इस्पितळात आणले तेही गुंडाळूनच. त्यांच्या पत्नी चंपाबाई यांनी घोंगडी काढू दिली नाही. वारा लागेल म्हणाल्या. फडतऱ्यांनी तसेच पालथे झोपवले, नेहमीचा प्रश्न विचारला, घोंगडीखाली एक हात हलला, त्या बाजूला त्यांनी शिसे ठेवले.

फोटोत खडा दिसला, आणि तो सरकलेला होता. आगटे यांनी बराच वेळ फिल्म धरून ठेवली. खड्यावरून साकळलेले रक्त डोक्याच्या उजव्या बाजूला होते. मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, म्हणून उजवे अंग लुळे असेल तर ते डाव्या बाजूला असायला हवे. पण क्वचित याच्या उलटही होते, मेंदू पलीकडच्या कडेवर दाबला जाऊन, असे ग्रंथात होते. रोग्याची शुद्ध कमी होत चालली होती. हाताने फिरवायच्या गिरमिटाने कवटीला भोक पाडायचे, तेही ग्लानीतल्या माणसाच्या. एका बाजूला काही सापडले नाही तर दुसऱ्या बाजूपर्यंत तो टिकेल असे आगटे यांना वाटत नव्हते. फडतऱ्यांचे शिसे कधी चुकलेले त्यांनी पाहिले नव्हते. त्यांनी फोटोवर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी उजवीकडे भोक पाडायचे ठरले.

तो मंगळवार होता. मी व्हरांड्यात होतो. डोक्याचा फोटो काढला की दुसऱ्या दिवशी रोग्याला पाहून यायचे, हा फडतऱ्यांचा नेम होता. मगदुमांना नुकतेच आत नेले होते. चंपाबाई नळापाशी पितळेची ताटली घासत बसल्या होत्या. फडतऱ्यांनी विचारले, मगदूम अण्णांनी काल काही खाल्ले का.

“काल दिस मावळायच्या आत चार घास खाल्लं,” चंपाबाई म्हणाल्या. “भिताडाकडं तोंड करून. आठ दिस झालं, तसंच. डाव्या हातानं जेवायची लाज वाटती त्यास्नी.”

फडतऱ्यांनी आपला डावा हात छातीपर्यंत उचलला, त्याच्याकडे पाहिले, आणि वळले. तो माणूस धावताना मी तेवढा एकदाच पाहिला. फौजेचे बूट फरशीवर वाजत गेले आणि शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दाराशी थांबले. त्या दारातून आत जायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी दार वाजवले.

आगटे स्वतः आले. तोंडावर फडके होते.

“साहेब, कालच्या फोटूतला उजवा डावा हाय,” फडतरे म्हणाले. “चूक माझी.”

“खात्री आहे?”

“न्हाई, साहेब. हात म्या बघितलाच न्हाई. घोंगडी हालली, त्या बाजूला शिसं ठिवलं. पर त्ये आठ दिस डाव्या हातानं जेवत्यात.”

आगटे यांनी फिल्म मागवली. खिडकीला लावली, उलटली, पुन्हा लावली. आत मगदुमांच्या डोक्याची उजवी बाजू भादरून झाली होती. आगटे यांनी डावी बाजू भादरायला सांगितली आणि दार लागले.

आत काय झाले ते त्यांनीच मला नंतर सांगितले. डावीकडे भोक पडताच काळपट, दाट रक्त बाहेर आले. काकवीसारखे, असे ते म्हणाले. ते बाहेर येत असतानाच रोग्याचा श्वास बदलला.

तेवढा वेळ फडतरे बाहेर भिंतीकडे तोंड करून उभे होते, हात पाठीमागे. मी जवळ गेलो. त्यांनी मान न वळवता सांगितले, “माझ्या हातनं मानूस चालला व्हता. ह्ये छापा, बातमीदार.”

मी ते छापले नाही. दुपारनंतर मगदुमांनी नाव सांगितले, चंपाबाईंचेही सांगितले, आणि आठवड्याने उजव्या हाताची बोटे मिटता येऊ लागली. मी बातमी दिली ती क्ष-किरणांनी अर्धांगवायूचे निदान होऊन सांगलीत रोगी बरा झाल्याची. बातमीतला प्रत्येक शब्द तपासून पाहिला तर खरा होता.

त्यानंतरच्या आठवड्यांत इस्पितळाच्या आवारात बैलगाड्या येऊ लागल्या. पाटणकडून, म्हसवडकडून, कृष्णेच्या दोन्ही काठांवरून. गाडीत गवतावर एकेक माणूस, अर्धे अंग गेलेला. कोणी महिन्यापूर्वी, कोणी चार वर्षांपूर्वी. फोटो काढला की वारे उतरते, असे लोकांनी धरले होते. फडतऱ्यांनी आगटे यांच्या परवानगीने जमतील तेवढे फोटो काढले. बहुतेकांत खडा दिसलाच नाही. ज्यांच्यात दिसला त्यांच्यात तो मधल्या रेषेवर होता. त्यांच्या मेंदूतली नळी बंद झाली होती, आणि ती नळी आमच्याकडच्या कोणत्याही फोटोत दिसत नव्हती.

म्हसवडची एक म्हातारी मुलाला घेऊन आली होती. दोन दिवसांचा प्रवास करून. फडतऱ्यांनी तिला फिल्म दाखवली आणि सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

“फोटू काढलास, आन् म्हनतुयास काय दिसत न्हाई,” ती म्हणाली. “मग कशाला रं ही मशीन?”

मला तिचा रोख कळायच्या आत फडतरे माझ्याकडे वळून म्हणाले, “बराबर इचारती ती. ह्ये लिहून घ्या.” मग त्यांनी धड असलेला हात धरून मुलाला गाडीत चढवले. म्हातारी जाताना त्यांना नमस्कार करायला लागली तर त्यांनी तिचे दोन्ही हात धरून पाहिले, सारखे आहेत का.

माझ्यावर ते रागावले नाहीत. एकदाच म्हणाले की तुमी छापलं त्यात माझी चूक न्हवती, म्हनून लोकास्नी मशीन द्येव वाटला. हे मी वहीत लिहून ठेवले.

जेवायच्या हाताचा प्रश्न त्यांनी मगदुमांनंतर पुन्हा विचारला नाही. घोंगडी असो, दुलई असो, रोगी उघडा करूनच टेबलावर घेत. तोंडासमोर उभे राहून म्हणत, “दोन्ही हात वर करा,” आणि शिसे ठेवण्याआधी त्या उजव्या मनगटाला स्वतःच्या हाताने धरत. हळूहळू ही आज्ञा टेबलापुरती राहिली नाही. चहावाल्याला, पोस्टमनला, मला, ते दोन्ही हात वर करायला लावत. दर दिवशी सकाळी स्वतःलाही. हे मला त्यांच्या पत्नीने सांगितले: आरशासमोर उभे राहतात, तोंड एका बाजूला ओढले गेले नाही ना हे पाहायला दात दाखवतात, दोन्ही हात वर धरून आपले नाव आणि फौजेतला नंबर मोठ्याने म्हणतात, आणि मग दूध घ्यायला जातात.

त्यांच्या खोलीत फिल्म सुकवायच्या तारेशेजारी खिळ्याला एक दोरा टांगलेला होता. त्याला गाठी होत्या. मी एकदा विचारले की इतर दोरे पेटीत असतात, हा वेगळा का. ते म्हणाले, ह्यो माझा. दर सहा महिन्यांनी ते फिल्मच्या खराब झालेल्या तुकड्यांवर स्वतःच्या छातीचा फोटो काढत, दोरा धरत, आणि दुप्पट केलेली रुंदी जिथे संपे तिथे गाठ मारत. गाठींच्या पुढे लाल शाईचा ठिपका होता, तो त्यांच्या छातीच्या पिंजऱ्याची हद्द. गाठी ठिपक्याकडे चालल्या होत्या. पहिल्या दोन एकमेकींजवळ होत्या. तिसरी दूर होती.

आगटे यांना हे माहीत होते. त्यांनी फडतऱ्यांचे मीठ तोडले होते, जिने बंद केले होते. दोऱ्यावर फार भिस्त ठेवू नका, असेही ते सांगत. श्वास किती घेतला यावरही सावली बदलते. फडतरे म्हणत, श्वास दर टायमाला सारखाच घेतो, साहेब, मोजून.

चाळीसचे दशक सरत आले तेव्हा आमच्या साप्ताहिकाने मला साताऱ्याला नेमले. त्याच सुमारास फडतरे नोकरी सोडून गावाकडे जाऊन राहिल्याचे कळले. अठ्ठेचाळीस त्यांनी पार केली होती. एक्कावन्न व्हायची होती.

शेवटची भेट कोरेगावच्या मोटार थांब्यावर झाली. मी सांगलीहून साताऱ्याला चाललो होतो, तो त्यांचा बाजाराचा दिवस होता, आणि मोटार तिथे अर्धा तास थांबे. त्यांनी मला आधी पाहिले. मी नमस्कार केला, त्यांनी माझे हात पाहिले, मग हात जोडले. आम्ही चहा घेतला. भज्यांची ताटली त्यांनी माझ्याकडे सरकवली. मिठाची म्हणून ते खात नव्हते. मगदूम अजून हळद पिकवतात आणि दर वर्षी गाठोडेभर हळद पाठवतात, हे त्यांनी सांगितले. मुंबईत कोणी डॉक्टर मानेत औषध सोडून मेंदूचे फोटो काढायच्या खटपटीत आहे असे मी ऐकले होते, ते मी सांगितले. ऐकीव होते, खात्रीचे नव्हते, हेही सांगितले. ते थोडे पुढे वाकले.

“बाभळ दिसंल?” त्यांनी विचारले.

मी म्हणालो, दिसेल असे म्हणतात.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून दोरा काढला. शेवटची गाठ लाल ठिपक्याच्या पलीकडे होती, बोटभर. त्यांनी ती मला दाखवली आणि दोरा पुन्हा गुंडाळून ठेवला. मोटारीचा भोंगा वाजला.

मी खिडकीशी बसलो. मोटार वळली तेव्हा ते थांब्याच्या कडेला उभे होते. त्यांनी मला पाहिले आणि दोन्ही हात वर केले, सरळ, फौजेतल्यासारखे, मी नीट पाहावे म्हणून. मी पाहिले. डावा हात उजव्यापेक्षा थोडा खाली होता.

त्या हातात बाजाराची पिशवी होती की नव्हती, हे मी वहीत लिहिलेले नाही. मग मध्ये भाजीच्या गाड्या आल्या.